मथूने मांडलेलं स्वयंपाकघर

करवंदांच्या टेकडीखाली, एका इवल्याशा घरात मथू आणि तिची आई राहायच्या. आईचा एक पाय अधू, ती कुबडी टेकत चालायची. आणि स्वयंपाकघर तर असं वेडंवाकडं! चूल अंधाऱ्या कोपऱ्यात, माठ आणि मोरी पार खिडकीपाशी, पिठाचा डबा उंच फळीवर. एके सकाळी भाताची पेज गाळायला आई मोरीकडे निघाली आणि कुबडी घसरली. हात चांगलाच भाजला.

"काही नाही गं, चिमणे," आई हसली. मथूला मात्र रडू फुटलं.

दुपारी विहिरीवरून येताना तिला गुलबक्षीचं एक रोपटं माना टाकून बसलेलं दिसलं. "तहान लागली होय रे तुला?" म्हणत तिने अर्धी कळशी त्याला पाजली. तोच एक गुलाबी कळी टपकन उमलली! आतून निघाली बोटभर परी. पंख कसे, कांद्याच्या पापुद्र्यासारखे झुळझुळीत, जांभळट सोनेरी.

"तीन मागण्या माग, मथूराणी. पण नवी वस्तू मिळायची नाही, घरातली आहे तीच हलेल. एकदा हलली की परत हलणार नाही. आणि सगळं ऊन उतरायच्या आत!"

परीला खांद्यावर बसवून मथू धावत घरी आली. तिने अंगणात कोळशाने स्वयंपाकघर आखलं. चिंचोका म्हणजे चूल, शंख म्हणजे माठ, बटण म्हणजे पिठाचा डबा.

"आई, इथे खोटी खोटी भाकरी कर ना!"

आई चालली, मथूने पावलं मोजली. एका भाकरीला एकोणीस पावलं! मग तिने चिंचोका खिडकीशी सरकवला, बटण जवळ आणलं. आता पावलं झाली फक्त चार.

"फळी खिडकीशेजारी, आईच्या कोपराएवढ्या उंचीवर!" मथू स्वयंपाकघरात येऊन परीला म्हणाली. लखकन चांदणचुरा उडाला, फळी खाली आली.

"भांड्यांचं फडताळ तिच्या बाजूला!" तेही सरकलं.

"आता चूल..." तेवढ्यात खिडकीवरच्या खोबणीतून बारीक चिवचिव आली. घरट्यात तीन पिल्लं, अजून डोळेही न उघडलेली.

मथू थबकली. "चूल इथे आली तर धूर यांच्या डोळ्यांत जाईल."

"घरटं हलवू?" परीने विचारलं. "ऊन उतरतंय, बाळ."

"नको! त्यांच्या आईला ती सापडायची नाहीत." मथूने डोळे पुसले. "राहू दे चूल तिथेच. जड भांडी मी उचलीन."

 परी खुदकन हसली. चूल अलगद तरंगत मोरीजवळ येऊन बसली आणि तिच्या वर, थेट छपरातून, एक सुंदर धुराडं उघडलं. धूर सरळ आभाळात!

"पण नवी वस्तू नाही म्हणालीस ना?"

"छपराला भोक पाडलं गं. भोक ही काय वस्तू झाली?"

परी धुराड्यातून वर उडाली. अख्खं स्वयंपाकघर केशरी, गुलाबी उजेडाने भरून गेलं. उजेड निवला तेव्हा परी नव्हती.

आईने चार पावलांत पहिली भाकरी टाकली. ती टम्म फुगली.

मथूच्या आईची पावलं वाचली, तशी घरोघरच्या आयांची वाचोत.