बोरखडीच्या व्यासपीठातली कोंबडी

बोरखडीचे चर्च लांबून दगडी धान्यकोठारासारखे दिसते. आत शिरले की नजर आधी व्यासपीठाकडे जाते. चार पायऱ्या, त्यावर छातीएवढ्या उंचीची सागवानी पेटी, तिला लहानसे दार आणि आत एका माणसापुरती जागा. कापणीच्या सणानंतर तीन आठवडे मात्र त्या जागेत माणूस नसतो, खुडूक कोंबडी असते. उपदेशक खाली, बायका बसतात त्या चटईच्या कडेला उभा राहून बोलतो.

पाहुण्यांना हसू येते. शहरातून आलेले पाळक तर नाक मुरडतात. मग झाडलोट करणारी नवलाबाई केरसुणी भिंतीला टेकवते. "हसा की. तुमच्या कॉलेजात शिकवलं नसंल ते त्या कोंबडीनं या गावाला शिकवलंय," म्हणते आणि पायरीवर बसते.

दुष्काळ सरला त्या सालची गोष्ट, असे सांगतात. सारजा अल्हाट नावाची विधवा तेव्हा चर्च झाडायची. दुष्काळात तिला विहिरीच्या काठावर तान्ही मुलगी सापडली. आईबाप मेलेले. सारजाने कापसाच्या वातीने शेळीचे दूध पाजून तिला जगवले आणि तिचे नाव रिबका ठेवले. झोपवताना ती पुटपुटायची, "देवा, माझे आई, हिला पंखाखाली घे."

एके दिवशी हे मोठ्या पंचाच्या कानावर गेले.

यहोशवा पाटोळे हा चर्चचा मोठा पंच. देवाने माणसाला आपल्यासारखे घडवले हे त्याला पाठ होते; त्याने उलट देवालाच आपल्यासारखे घडवून ठेवले होते. त्याचा देव मिशाळ, तापट आणि कायम वरच्या पायरीवर बसलेला. दुष्काळात या गृहस्थाने एकाही पोराला पाणी पाजले नव्हते, पण देव पुरुष आहे यावर तो तासभर बोलू शकायचा.

शुक्रवारी पंच बसले. सारजा उंबऱ्याजवळ, कडेवर रिबका.

"सारजे, देवाला आई म्हणतीस?"

"म्हणते, पंचसाहेब."

"देव बाई हाय व्हय?"

"म्या त्याला न्हाऊ घातलं न्हाई, मला काय ठावं? पर प्रभूच म्हनला न्हवं का, कोंबडी पिलांना पंखाखाली घेती तसं मला तुमाला घ्यायचं हुतं?"

"म्हंजी देव कोंबडी झाला!" यहोशवा इतरांकडे पाहून हसला. इतर पंच लगेच हसले. त्यांना पंच नेमले होते ते त्याच कामासाठी.

"कोंबडा म्हनला असता तर तुमाला चाललं असतं," सारजा म्हणाली.

मग कोणी हसले नाही. ठराव झाला: मुलीला असल्या शिकवणुकीत वाढू द्यायचे नाही, तिला तालुक्याच्या गावी यहोशवाच्या मेहुण्याच्या देवभीरू घरी धाडायचे. त्या घरी शेण उचलायला माणूस हवे होते, हे देवभीरूपणात बसत होते. पाळक हरिबा गरीब स्वभावाचा. त्याने मान खाली घालून सही केली. ठराव रविवारी, कापणीच्या सणाला, व्यासपीठावरून वाचला की लागू. कागद व्यासपीठातल्या फळीवर ठेवला गेला.

शनिवारी सारजा झाडायला आली तेव्हा तिच्या हातून केरसुणी उचलेना. रिबका चटईवर पडून स्वतःची मूठ चोखत होती. उद्या या वेळी ही बैलगाडीत असणार. सारजा रडली, मग उठली आणि घरी गेली. सणाला भेट द्यायला तिच्याकडे एकच वस्तू होती: नुकतीच तेरा अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी.

ती तिने अंड्यांसकट आणून व्यासपीठाच्या पेटीत बसवली. खाली अंथरायला भुसा कमी पडला, म्हणून फळीवरचा कागद घेतला. सारजाला वाचता येत नव्हते, असे सांगतात. हे सांगताना नवलाबाई डोळा बारीक करते.

रविवारी चर्च भरले. ज्वारीची कणसे, भोपळे, अंडी, बांधलेला बोकड. हरिबाने खाली उभे राहून प्रार्थना केली: या छताखाली आणलेली प्रत्येक भेट, प्रभू, तुझी झाली. आमेन म्हणून यहोशवा मिशीवर हात फिरवत चार पायऱ्या चढला. दार उघडले. आतून चोच आली आणि मोठा पंच चारही पायऱ्या पाठीवर उतरला.

"काढा ती बाहेर!"

कोणी हलेना. कारण त्यानेच दोन वर्षांपूर्वी नियम केला होता. एका बाईने प्रार्थना झालेला भोपळा आजारी पोरासाठी परत नेला म्हणून त्याने लिहून ठेवले होते, की देवाला वाहिलेली भेट व्यासपीठावरून घोषणा झाल्याशिवाय कोणी जागची हलवायची नाही. आता घोषणा करायला व्यासपीठ हवे आणि व्यासपीठात भेट बसलेली!

तीन आठवडे पंचांनी काय केले म्हणता? वरची पायरी व्यासपीठात धरायची की नाही, यावर वाद घातला. चार जाणती माणसे तासन्‌तास पायरी मोजत होती. कोंबडी अंडी उबवत होती. सारजा रोज तिला दाणापाणी ठेवायची आणि रिबकेला उराशी धरून दिवस मोजायची.

एकविसावा दिवस रविवारी आला. उपासनेच्या मध्यातच चिवचिव ऐकू आली. कोंबडी पेटीतून बाहेर पडली आणि तेरा पिले घेऊन एकेक पायरी उतरू लागली. व्यासपीठ मोकळे झाले. सारजाने रिबकेला कडेवर घेतले.

यहोशवा धावत वर चढला आणि कागद शोधू लागला. हाताला फुटकी टरफले लागली, आणि त्याखाली शिटेने चिकटलेला, भोके पडलेला लगदा. तो गरजला, "हरकत न्हाई! ठराव मला पाठ हाय!"

"वाचायचा नियम आहे," हरिबा म्हणाला. "पाठ म्हणायचा नाही. नियम तुमचाच."

"मग दुसरा लिवा! सही करा!"

हरिबाने खाली पाहिले. माणसांच्या गर्दीला भिऊन कोंबडी सारजाच्या पायाशी दबकून बसली होती. तेराही पिले पंखाखाली गेली होती, एक पायसुद्धा दिसत नव्हता. रिबका वाकून तिच्याकडे पाहत होती.

"वीस वर्षं मी कोंबडीचा हा दाखला वाचतोय," हरिबा म्हणाला, "पण पाहिला आज. सही होणार नाही, पंचसाहेब. सारजाबाई, मूल तुमचं आहे." मग तो तिथेच, चटईच्या कडेला गुडघ्यांवर आला आणि म्हणाला, "देवा, आमचे आई."

सगळे चर्च त्याच्याकडे, म्हणजे कोंबडीकडे, तोंड करून गुडघ्यांवर आले. यहोशवा पाटोळे वर एकटाच उभा राहिला. त्याच्या बोटांना शीट लागली होती, आणि त्याच्या देवाकडे पाहायला खाली कोणी उरले नव्हते.

रिबका बोरखडीतच वाढली. नवलाबाई तिची नात.

आजही कापणीच्या सणाला व्यासपीठात खुडूक कोंबडी बसवतात आणि एकवीस दिवस कोणी वर चढत नाही. त्या वर्षीचा मोठा पंच असेल त्याने रोज सकाळी चारही पायऱ्या गुडघ्यांवर चढून तिला पाणी ठेवायचे. कोंबडी टोचतेच. तिने टोचले, की चटईवरच्या बायका एका सुरात म्हणतात, "आमेन."