गुरुजींचं उघडं पत्र

फार पूर्वीची गोष्ट आहे, बरं का. एका गावात त्या दिवशी इतकं दाट धुकं पडलं होतं, की ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्या गुरुजींना अंगणातली चिंचही दिसेना. त्या धुक्यातून पावलं वाजली आणि कुंभाराची मुलगी समोर येऊन उभी राहिली.

“गुरुजी, राजधानीच्या विद्यापीठात पाट-बंधारे बांधायची विद्या शिकवतात. मला जायचंय. पण गुरूचं पत्र असल्याशिवाय दारातून आत घेत नाहीत. तुम्ही द्याल?”

शेजारचा तेली कुंपणाशी राखुंडीनं दात घासत होता. तो म्हणाला, “अगं पोरी, यांच्याकडे कशाला मागतेस? हे शाईत कडुनिंब घालून लिहितात! नदीपलीकडच्या पंडितांकडे जा. मागेल त्याला गोड पत्र देतात.”

“पंडितांना माझं नावसुद्धा ठाऊक नाही, काका. गुरुजींनी मला सहा वर्षं शिकवलंय.”

गुरुजी हसले. “आठ दिवसांनी ये. घाईचं पत्र म्हणजे कच्चं मडकं.”

ते आठ दिवस गुरुजींना चैन पडेना. पोर गुणाची खरी. पण मागे तिनं गावाच्या पाटाचा उतार मोजला, तो चुकला, आणि पाणी शेतात जायचं सोडून देवळाच्या मंडपात शिरलं. हे लिहावं, तर पोरीची वाट बंद व्हायची. न लिहावं, तर पत्रातली मुलगी ही नव्हेच! शेवटी त्यांनी सगळं लिहिलं.

गुरुजींची एक रीत होती. पत्र ते कधी बंद करून देत नसत. “आधी तू वाच. पटलं नाही तर चुलीत घाल. मी रागावणार नाही.”

मुलगी वाचत गेली. पाटाच्या ओळीशी आली आणि तिचा चेहरा उतरला. “हे वाचून त्यांनी मला परत पाठवलं तर?”

“तर तुझ्याइतकंच मलाही वाईट वाटेल गं.”

तिनं ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग पत्राची घडी घालून म्हणाली, “घडलं तेच लिहिलंय तुम्ही. हेच नेते.” आणि पाया पडून निघाली.

राजधानीत आचार्यांपुढे चाळीस पत्रं आली. एकोणचाळीस पत्रांत तेच: मुलगा हुशार, नम्र, कष्टाळू. कोण कुठला, काही उमगेना. चाळिसावं मात्र त्यांनी दोनदा वाचलं. ‘हिचा उतार चुकला. लोक खणणाऱ्यांना शिव्या देत होते. तेव्हा ही पंचांपुढे उभी राहून म्हणाली, त्यांना बोलू नका, चूक माझी. मग तीन दिवस चिखलात उभी राहून हिनं पुन्हा मोजणी केली. आज गावची शेतं त्याच पाटाचं पाणी पितात.’

“बंधारा चुकला तर गाव वाहून जातं,” आचार्य म्हणाले. “चूक लपवणारा मला नको. या मुलीला आत घ्या.”

बाजारातून ही बातमी घेऊन तेलीच धावत आला. गुरुजी नुसते डोळे पुसत राहिले.

आणि या गोष्टीचं तात्पर्य? ते तेल्यानंच तेव्हा गुरुजींना सांगितलं: “गुरुजी, वाखाणणारा कुणीही मिळतो हो. पण आपल्यासाठी शब्द टाकायला सांगावं, ते आपल्याला पुरतं ओळखणाऱ्यालाच.”