पोपचं कुमसार

वसईकडच्या फादर बस्त्यावांनी एके दिवशी स्वतःला पोप जाहीर केलं. चर्चमधली मिस्सा-उपासना लॅटिनमधून करणं सोडलं तेव्हाच रोम बुडालं, असं त्यांचं म्हणणं. चार शिष्यांनी मतं टाकली, नवा पोप निवडल्यावर रोममध्ये काढतात तसा अंगणात ओला पेंढा पेटवून पांढरा धूर काढला आणि बस्त्यावांचे पोप सिल्व्हेस्टर पाचवे झाले.

मग ते मार्सेलबाईंच्या दारात आले. गावचं चॅपल बाईंच्या जागेत होतं आणि किल्ली त्यांच्या कमरेला.

"किल्ली द्या," पोप म्हणाले. "खरा धर्मगुरू आता जगात मी एकटाच. बाकी सगळे तोतये. त्यांनी दिलेले बाप्तिस्मे, लावलेली लग्नं, सगळं रद्द."

जमलेली माणसं चरकली. मार्सेलबाईंना नवरा आठवला. मरतेवेळी त्याला शेवटचं पवित्र तेल गावच्या फादरांनीच लावलं होतं. चेहऱ्यावर मात्र त्यांनी काही दिसू दिलं नाही.

"पोपलाही कुमसार करावं लागतं ना?"

"अर्थात. गुडघे टेकून पापं सांगावीच लागतात. मी दर शुक्रवारी सांगतो."

"स्वतःच स्वतःला क्षमा देऊन भागत नाही?"

"छे. त्याला दुसरा धर्मगुरूच लागतो."

बाईंनी किल्ली काढून हातात घेतली. "मग गेल्या शुक्रवारी कुणापुढे गुडघे टेकलेत, त्यांचं नाव सांगा. ते खरे असतील तर किल्ली त्यांना देते. तोतये असतील तर तुमची पापं अजून तुमच्याच अंगावर आहेत."

पोप शिष्यांकडे पाहू लागले आणि शिष्य जमिनीकडे.

"आमचे फादर शनिवारी कुमसाराला बसतात," किल्ली पुन्हा कमरेला खोचत बाई म्हणाल्या. "रांग असते. जरा लवकर या."