तीन ठोक्यांचा सोमवार

हे तळं दिसायला काही खास नाही, मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. पाणी काळपट, काठाला चार बर्चची झाडं, बदकंसुद्धा फारशी येत नाहीत. पण ही दगडांची रास बघा. सगळे मुठीत मावतील एवढेच आहेत. एकेक जण एकेक दगड उचला आणि हातात धरून ठेवा. इतके गुळगुळीत ते माणसांच्या हातांनी झालेत. मिरवणूक इथवर यायला अजून वेळ आहे, तोवर मी सांगते.

मी प्रमिला तोरस्कर, मूळची इचलकरंजीची. पेनसिल्व्हेनियातल्या या खाणगावात मला पन्नास वर्षं होत आली. न्यू जर्सीत कुणाकडे आईवडील आले की आधी त्यांना नायगारा दाखवतात आणि सप्टेंबरातल्या या लांब सुट्टीत काय करायचं ते सुचलं नाही की माझ्याकडे धाडतात. तुमच्यातले निम्मे आज गाद्यांच्या सेलला निघाले होते, हे मला कळलंय. गाद्या कुठे पळून जात नाहीत.

आपल्याकडे कामगार दिन एक मेला, इथे सप्टेंबरातल्या पहिल्या सोमवारी. सरकारी हकिकत अशी की न्यूयॉर्कच्या कामगारांनी एक दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडून रस्त्यावर मिरवणूक काढली, मग इतर गावांनी तेच केलं आणि पुढे कायदा झाला. ती हकिकत खोटी नाही. पण या गावात कुणालाही विचारा, तो म्हणेल, ते न्यूयॉर्कचं झालं, आमचा सोमवार यादविगाचा आहे.

तेव्हा इथे तळं नव्हतं, नुसता खळगा होता. त्याच्या वरच्या अंगाला, आता जिथे माझं घर आहे तिथे, कंपनीच्या घरांच्या रांगा होत्या. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, दवाखाना कंपनीचा, चर्चची जागासुद्धा कंपनीची. नोकरी गेली की त्याच दिवशी घर रिकामं करायचं. वेल्सहून आलेले एका रांगेत, आयरिश दुसऱ्या रांगेत आणि पोलंडहून आलेले सगळ्यांत खाली, जिथे धूर उतरायचा तिथे. एकमेकांची भाषा कुणाला येत नव्हती आणि ती येऊ नये अशीच कंपनीची इच्छा होती, असं सांगतात. पुरुष खाली खाणीत कोंडलेले आणि बायका वर या रांगांत. दोघांनाही बाहेर पडायची वाट एकच, तीही कंपनीच्या फाटकातून.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना सारखी कळायची, ती म्हणजे पाळण्याची घंटा. खाणीत एक लोखंडी पाळणा खालीवर व्हायचा. त्यात कोळसा असेल तर खालून एक टोला यायचा आणि माणसं असतील तर तीन. तीन टोले ऐकले की वरचा चालक पाळणा बेतानं ओढायचा. चुलीपाशी उभ्या असलेल्या बायकासुद्धा ते टोले ऐकून बटाटे उकळायला टाकायच्या.

यादविगा खालच्या रांगेतली. उंच, हाडापेरानं मजबूत आणि तापट होती म्हणतात. तिचा नवरा टोमाश. एका वर्षी त्याचा बोगदा खणत खणत थेट त्यांच्या घराखाली आला होता. फडताळातले कप वाजतात म्हणून ही कुरकुर करायची, तर तो म्हणे हसून सांगायचा, "तुला उगाच वाटतं मी लांब जातो. दिवसभर तुझ्या चुलीखालीच तर असतो." पुढे त्या बोगद्यातला कोळसा संपला, काम पूर्वेला सरकलं आणि ती जुनी वाट सगळे विसरले.

सप्टेंबरातल्या पहिल्या शनिवारी खाणीचं छत कोसळलं. बरीच माणसं आत राहिली, त्यात टोमाशही होता. साहेबांनी पूर्वेच्या तोंडाशी खणायला माणसं लावली, कारण त्या दिवशी काम तिकडेच चाललं होतं. साहेब दुष्ट होते असं मी म्हणणार नाही. पण इकडे कोळसा फोडायची गिरणी थांबवावी असं काही त्यांच्या मनात आलं नाही.

रविवारी गिरणीला सुट्टी असायची. यादविगा चुलीतली राख काढत होती. चूल बिडाची होती. चुलीच्या पायाला तिचा हात लागला आणि हाताला काहीतरी जाणवलं. तीन ठोके होते, आणि तिसरा जरा उशिरा. टोमाश संध्याकाळी घरी आला की दारावर असाच ठोकायचा. दोनदा ठोकायचा, मग डबा या हातातून त्या हातात घ्यायचा आणि तिसऱ्यांदा ठोकायचा.

ती धावत साहेबांकडे गेली. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि समजावलं की छताखालचे लाकडी टेकू असेच वाजतात, आणि दुःखात माणसाला काहीही ऐकू येतं. खणणारी माणसं काही हलवली नाहीत. सोमवारी भोंगा झाला, गिरणी सुरू झाली आणि यादविगाच्या चुलीचा पाय नुसताच थरथरत राहिला. त्या थरथरण्यात तिला काहीच कळेना.

हे मला लगेच कळलं, कारण माझे वडील जन्मभर यंत्रमागावर होते. घरी आल्यावरही त्यांना हाक ऐकू यायची नाही, खांद्याला हात लावून बोलायला लागायचं. त्या आवाजात उभं असताना शेजारच्या मागावर कुणी कोसळलं तरी समजत नाही, असं ते सांगायचे. यादविगाच्या पायाखाली माणूस जिवंत होता आणि तिच्याशिवाय ते कुणालाही ठाऊक नव्हतं. 

मग तिनं एक दगड उचलला आणि वरच्या रांगांत गेली. तिला आयरिश येत नव्हतं, वेल्श येत नव्हतं, इंग्रजी जेमतेम. ती प्रत्येक दारावर तीनदा ठोकायची आणि बोट जमिनीकडे दाखवायची. अर्थ सगळ्यांना कळला. पण बाहेर कोण पडणार? कंपनीचं काम थांबवलं तर संध्याकाळी सामानासकट रस्त्यावर. प्रत्येक रांग दुसऱ्या रांगेकडे बघत राहिली. शेवटी एक आयरिश विधवा बाहेर आली. तिचं खाली कुणीही नव्हतं, म्हणे. तिनं दगड घेतला आणि पुढच्या दारावर ठोकला. मग दारं उघडत गेली. बायका गिरणीपर्यंत पोचल्या तेव्हा सगळा रस्ता त्या ठोक्यांनी भरला होता. आतल्या गड्यांनी तो आवाज ओळखला, कुणीतरी यंत्राचा पट्टा काढला आणि गिरणी थांबली.

तरी पंप चालूच होता. खाणीत पाणी चढू नये म्हणून तो रविवारी रात्रीपासून दुप्पट जोरात चालवला होता आणि त्याचे दणके अख्ख्या डोंगरात जाणवत होते. पंप या खळग्याच्या काठावरच होता आणि त्यावर एमरिस नावाचा वेल्श माणूस होता. त्याचा सख्खा भाऊ खाली होता. यादविगानं त्याला हातानं खूण केली, बंद कर.

"बंद केला तर पाणी चढेल," एमरिस म्हणाला. "मीच त्यांना बुडवल्यासारखं होईल."

ती तोडक्या इंग्रजीत म्हणाली, "चालू ठेवलास तर ते तिथेच मरतील. आपल्याला न कळता मरतील."

एमरिसनं चाक फिरवलं.

पंप थांबला. असं सांगतात की या गावात जन्मलेल्या पोरांनी तेव्हा पहिल्यांदा ओढ्याचा आवाज ऐकला. सगळं गाव जमिनीवर आडवं झालं, कान मातीला लावून. खालून काहीच येईना. पाणी तर चढत असणार. यादविगाकडे लोक बघायला लागले. कुणी पुटपुटलं की साहेब म्हणत होते तेच खरं.

तेवढ्यात एमरिस उठून बसला. तो स्वतः बरीच वर्षं खाली काम केलेला. त्यानं सगळ्यांना मोडक्यातोडक्या शब्दांत, हातवारे करून सांगितलं की पंपाचा आवाज हाच खालच्या माणसाचा धीर असतो. तो चालू आहे तोवर वरचे आपल्यासाठी धडपडताहेत. तो बंद पडला की खालचा माणूस एकच समजतो, वरच्यांनी आपल्याला सोडलं. म्हणून खालच्यांनी ठोकायची हातोडी बाजूला ठेवली असेल.

मग यादविगानं दगड उचलला आणि जमिनीवर मारला. तिचं बघून सगळ्यांनी मारला. वेल्श, आयरिश, पोलिश, सगळ्या गावानं एकाच वेळी तीन ठोके दिले, आणि सगळे पुन्हा कान लावून पडले.

खालून उत्तर आलं. तीन ठोके आले, तिसरा जरा उशिरा. या वेळी ते सगळ्यांनी ऐकलं.

पूर्वेची माणसं इकडे धावली. यादविगाच्या घरामागेच खणायला सुरुवात झाली. आवाजाच्या दिशेनंच खणायचं होतं, त्यामुळे पंप सुरू करता येत नव्हता. एमरिस मधूनमधून चाकावर हात ठेवून तिच्याकडे बघायचा आणि ती मान हलवून नको म्हणायची. खालचा तिसरा ठोका आणखी उशिरा यायला लागला होता. तो का लांबतोय हे तिला कळत होतं, असं गावातल्या बायका सांगतात. पुरुषांना विचाराल तर ते म्हणतात, तिला कळत नसावं. मला बायकांचं पटतं.

भोक पडलं आणि माणसं एकेक करून वर आली. एमरिसचा भाऊ आला, आयरिश आले, पोलिश आले. टोमाश आला नाही. आलेल्यांनी सांगितलं की टोमाशनंच त्यांना त्या विसरलेल्या वाटेनं आणलं होतं आणि जुन्या बोगद्याच्या चढावर ते सगळे बसले होते, पण तिथून ठोकलेलं वर पोचत नव्हतं. खडकात ठोकलेला रुळाचा एक तुकडा खालच्या टोकाला होता, तोच वाजायचा. टोमाशनं बाकीच्यांना वर ढकललं आणि तो तिथे उभा राहिला. पंप थांबला तेव्हा पाणी त्याच्या गुडघ्याला होतं. छातीला आलं तेव्हा त्याला ओढायला दोघे गेले, त्यानं त्यांना हाकलून दिलं. भोक पडलं आणि उजेड आला, तेव्हा खालचं टोक पाण्यात गेलं होतं.

एमरिस पंपाकडे धावला. यादविगानं हात वर करून त्याला थांबवलं. पाणी इतक्या लवकर उतरणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण पंपाच्या आवाजात ठोका आला तर ऐकू येणार नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं. ती तिथेच जमिनीवर आडवी झाली आणि तिनं कान लावला.

भोंगा झाला. दुपार झाली तरी कामावर कुणी गेलं नाही. मुकादम आला, त्याला एमरिसनं सांगितलं, "ती ऐकतेय." पुन्हा भोंगा झाला. साहेब शिपायांना घेऊन आले. काही जण सांगतात की साहेबांनीही टोपी काढली आणि तेही उभे राहिले. मला ते खरं वाटत नाही, पण गोष्ट सांगताना लोकांना असं काही लागतं. एवढं खरं की ती उठेपर्यंत कुणी उठलं नाही, आणि ती उठली तेव्हा दिवस मावळत होता. तिनं कमरेला बांधलेला एप्रन झटकला आणि घरात जाऊन चूल पेटवली.

दुसऱ्या वर्षी त्याच सोमवारी भोंगा झाला आणि गावातलं एकही माणूस गेलं नाही. म्हणून आमची सुट्टी अर्ध्या दिवसाची नाही, आख्ख्या दिवसाची आहे. पुढे खाण बंद झाली, पंप उचलून नेले, खालचं पाणी हळूहळू वर आलं आणि या खळग्याचं तळं झालं.

मी आले तेव्हा खाण नव्हती, शिवणकामाचा कारखाना होता. दिवसभर मशिनची घरघर आणि घरी आल्यावर भिंती. नवरा रात्रपाळीला. महिनोन् महिने माझ्याशी कुणी बोललं नव्हतं आणि मीही कुणाशी नाही. परत जावं म्हटलं तर तिकिटाचे पैसे नव्हते आणि जायला तोंडही नव्हतं. अशात सप्टेंबरातल्या एका सोमवारी सकाळी कुणीतरी दारावर दगडानं तीनदा ठोकलं. मी घाबरून गप्प बसले. पुन्हा तीन ठोके आले. खिडकीतून बघितलं तर शेजारची म्हातारी स्टेफानिया दगड घेऊन उभी. या दिवशी सकाळी दारोदार ठोकायचं आणि आतून उत्तर आल्याशिवाय पुढच्या घरी जायचं नाही, ही इथली रीत मला कुठे माहीत होती? ती उभीच राहिली. शेवटी मी हातातल्या लाटण्यानं आतून दारावर तीनदा ठोकलं. ती मान हलवून पुढे गेली आणि मी दाराला टेकून पोटभर रडले.

आजही मिरवणूक याच काठावर येऊन थांबते. ढोल थांबतात, गाड्या थांबतात, आइस्क्रीमवालासुद्धा मशिन बंद करतो. सगळे तीन ठोके देतात आणि कान लावून आडवे होतात. खालच्या रांगेतली सगळ्यांत म्हातारी बाई उठेपर्यंत कुणी उठायचं नाही. इतकी वर्षं ती स्टेफानिया होती. गेल्या हिवाळ्यात ती गेली, आणि यंदा माझ्यापेक्षा म्हातारी त्या रांगेत कुणी उरलेली नाही. मी लवकर उठणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. आज सेल राहू दे.

ढोल ऐकू यायला लागला. या, इथे गवतावर जागा आहे. माझ्याकडे बघून ठोका, आणि तिसरा ठोका जरा उशिरा द्या.