फक्त जोडप्यांसाठी

बंदरावर हॉटेलं पुष्कळ, पण तोरा एकाचाच, जगदीशशेठच्या हॉटेलचा. त्याचा लाकडी सज्जा थेट पाण्यावर काढलेला. सज्ज्याच्या दाराशी पाटी होती, 'फक्त जोडप्यांसाठी'. ही पाटी शेठला देवाच्या तसबिरीहून प्यारी.

एका संध्याकाळी मथुरा चोगले तिथे आली. अंगावर ठेवणीतलं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा. ती सरळ कठड्याजवळच्या टेबलाशी जाऊन बसली. शेठ स्वतः उठून आला.

"बाई, पाटी वाचलीत ना? एकट्यादुकट्यानं आत बसायचं, पंख्याखाली."

"वाचली म्हणूनच आले. आज आमच्या लग्नाचा वाढदिवस."

"मग नवरा कुठाय?"

"ते माझ्या आधीच आलेत."

शेठनं सज्जाभर नजर फिरवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा हसला. "मला तर कुणी दिसत नाही! इथे नवराबायकोनं समोरासमोर बसायचं, हा आपला नियम. जमत नसेल तर शेजारी खानावळ आहे."

"तिथे जाऊन आले, शेठ. सगळीच हॉटेलं पाहिली. कुठे मध्ये रस्ता येतो, कुठे भिंत." मथुरानं आपली खुर्ची पाण्याकडे वळवली. "चार वर्षांमागे ह्यांची होडी याच पाण्यात बुडाली. देहसुद्धा हाती लागला नाही. आम्हाला समोरासमोर बसता येईल असं हॉटेल बंदरावर तुमचं एकच आहे."

शेठनं एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे. मग वेटरला हाक न मारता तो आत गेला आणि स्वतःच्या हातांनी दोन ताटं घेऊन आला.