चुन्याची रेघ

"रेघेपलीकडचं शिकवायचं नाही, हे ठाऊक होतं ना तुम्हांला?" विश्वस्त बापू खोतांनी बाकीच्या विश्वस्तांसमोर विचारलं.

"ठाऊक होतं," हेमांगी म्हणाली. "का नाही, ते कुणी सांगितलं नाही."

"ते विचारायचं नसतं, बाई."

मठाच्या शाळेचं अंगण जांभ्याचं. मठाचे प्रमुख बुवा; त्यांनी तरुणपणी त्यावर चुन्याने मुलखाचा नकाशा आखला होता. दर दसऱ्याला विश्वस्त त्याच रेघा गिरवत, बोटभरही पुढे जात नसत. सोमवारी प्रार्थनेला प्रत्येक मूल आपापल्या गावावर उभं राही. आठवडाभर धडे, गाणी, गोष्टी त्याच गावांच्या.

आंब्याच्या बागेतल्या नेपाळी राखणदाराची मुलगी सुनमाया हिचं गाव नकाशात नव्हतं; ती चपलांपाशी उभी राही.

हेमांगीने तिच्याकडून तिच्या आजीचं गाणं शिकून घेतलं आणि अख्ख्या वर्गाला शिकवलं. आता माफी मागायची, नाहीतर नोकरी सोडायची.

बुवा ओसरीवर वाल सोलत बसले होते. हेमांगी त्यांच्याच हाताखाली शिकलेली. ती त्यांच्याकडे वळली.

"बुवा, नकाशा इथेच का थांबवलात?"

"चुना संपला."

बापू हसले. "बुवांच्या बोलण्यात खोल अर्थ असतो."

"कसला अर्थ? घमेलं रिकामं झालं रे."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?" हेमांगीचा आवाज चढला. "ही पोर दर सोमवारी चपला मोजत उभी राहते! उद्यापासून येणार नाही म्हणते."

"कुणी विचारलंच नाही," बुवा म्हणाले आणि पुढचा वाल उचलला.

बापूंनी घसा खाकरला. "ते काही असो. रेघ ती रेघ. बाई, प्रार्थनेची वेळ झाली. तुमच्या गावावर उभ्या राहा, झालं गेलं विसरून जाऊ."

हेमांगीचं गाव नकाशाच्या ऐन मध्यावर होतं. मुलांनी तिथे तिच्यासाठी जागा सोडली होती.

ती तिथे गेली नाही. अंगण ओलांडून सुनमायाच्या शेजारी, चपलांपाशी जाऊन उभी राहिली.

"तिथे मी उभी राहणार नाही. माफी मागणार नाही. आणि गाणं उद्याही शिकवणार."

बापूंनी बाकीच्या विश्वस्तांकडे पाहिलं. ते खाली रेघेकडे पाहत होते.

बुवांनी मांडीवरची सालं झटकली.

"नुसती उभी काय राहिलीस, हेमांगी? चुना भिजव."