बुवांचा इंग्रजी प्रश्न

“…मग त्या मुली इंग्रजीत काही विचारत का नाहीत, बुवा?”

सबनीस सरांनी मठाच्या सभामंडपाची किल्ली औदुंबराच्या पारावर ठेवली आणि ते उत्तराची वाट पाहू लागले.

दिगंबरबुवा देवाच्या हारासाठी तुळस निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“वाटेल तितकी वाक्ये द्या,” सर पुढे म्हणाले, “भराभर त्यांचे प्रश्न करून देतात. कर्ता कुठे, सहायक क्रियापद कुठे, कोणी कोणाच्या पुढे यायचं, सारं मुखोद्गत. आणि परवा घाटावर परदेशी पाहुणे उतरले, तर एकीच्याही तोंडून शब्द फुटेना. साऱ्या जणी तुळशीवृंदावनाच्या आड जाऊन उभ्या!”

“पाहुणे कुठून आले होते?”

“कोण जाणे. विचारलं कोणी?”

बुवा हसले. सर हसले नाहीत.

विश्वंभर सबनीस हे तालुक्याच्या शाळेत इंग्रजीचे अध्यापक. त्यांनी बुवांचा अनुग्रह घेतला होता, आणि गुरुसेवा म्हणून ते गावातल्या मुलींना संध्याकाळी मठाच्या मंडपात इंग्रजी शिकवीत. त्यांचा कान मोठा तिखट होता. बेसूर तंबोऱ्याने गवई व्याकूळ व्हावा, तसे ते अशुद्ध वाक्याने व्याकूळ होत. या गुणाचा त्यांना थोडा अभिमानही होता.

“किल्ली कशाला ठेवलीत, सर?”

“वर्ग बंद करतो. माझं शिकवणं वाया जातंय.”

बुवांनी एक पान दोऱ्यात ओवले.

“कावेरी येते ना?”

“आठवडा झाला, फिरकली नाही. सोमवारी नर्सिंगच्या प्रवेशाची मुलाखत आहे तिची. आई-बापांनी कशीबशी परवानगी दिली, आणि ही ऐन वेळी घरात बसली आहे.”

“काही झालं का?”

“काहीच नाही. वर्गात उभं राहून तिने मला इंग्रजीत काही विचारलं. मी दुरुस्त केलं. पुन्हा विचारलं, पुन्हा दुरुस्त केलं. शेवटी अगदी बरोबर जमलं. मी म्हटलं, शाब्बास, बस खाली. बसली.”

“काय विचारलं होतं तिने?”

“सहायक क्रियापद कर्त्याच्या मागे ठेवलं होतं.”

“ते नव्हे. विचारलं काय होतं?”

सरांनी तो दिवस आठवून पाहिला.

“आता आठवत नाही, बुवा.”

बुवांनी हाराची गाठ मारली.

तेवढ्यात नैवेद्याची घंटा झाली. बुवा उठले, गाभाऱ्यात जाऊन आले, आणि पळी हाती घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभे राहिले.

त्या मठाची एक रीत होती. दारी आलेल्याला, तो कोणीही असो, बुवांनी स्वतः विचारायचे, “जेवलात का?” आणि त्याचे उत्तर कानी पडेपर्यंत स्वतः पानावर बसायचे नाही. बुवांचे गुरू असेच वागत. त्यांचेही गुरू असेच वागत, असे सांगतात.

“सर, मलाही एक प्रश्न शिकवा,” बुवा म्हणाले. “हल्ली पाहुणे दूरदूरचे येतात. जेवण्याला तुमच्यात ‘ईट’ म्हणतात ना?”

सरांची खिन्नता कुठल्या कुठे गेली. गुरूने शिष्याकडे काही मागावे, याहून मोठे भाग्य कोणते?

बुवांनी सरांकडे पाहिले, पळी किंचित पुढे केली आणि विचारले, “यू ईट?”

“छे, छे! असं नाही चालायचं. ‘हॅव’ पाहिजे.”

“यू हॅव ईट?”

“‘हॅव’ला पुढे आणा. तो सेवक आहे. प्रश्नात त्याने मालकाच्या आधी दारात यायचं.”

“सेवक आधी. छान आहे. हॅव यू ईट?”

“ईटन, बुवा. ईटन.”

“हॅव यू ईटन?”

“वा! निर्दोष!” सरांनी मांडीवर थाप मारली. “शाळेत इतक्या लवकर कोणाला जमत नाही.”

बुवा तसेच उभे राहिले. सरांकडे पाहत.

सरांनी समाधानाने डोळे मिटले आणि ते औदुंबराच्या सावलीत टेकून बसले. बुवा पंगतीकडे वळले. दर्शनाला आलेली माणसे जेवून उठली, पत्रावळी उचलल्या गेल्या, जमीन शेणाने सारवूनही झाली.

मग यमुनाकाकू पाराशी आल्या. मठाचा स्वयंपाक त्यांच्याकडे असे.

“अहो सर, आता तरी काही बोला. भात निवला माझा.”

“मी काय बोलू?”

“बुवांनी विचारलंय ना तुम्हाला?”

“हो. मी ते शुद्ध करून दिलं.”

“फार उपकार झाले. पण जेवलात का?”

सर गोंधळले.

“तुम्ही काही सांगत नाही, आणि ते काही बसत नाहीत,” काकू म्हणाल्या. “मठाचे शिष्य ना तुम्ही? की रीतसुद्धा इंग्रजीत सांगू?”

सरांनी वळून पाहिले. ओटीवर एकच पान मांडलेले होते. त्यापाशी बुवा उभे होते. हातात पळी. मुद्रा प्रसन्न. घाई कसलीच नाही.

सर उठले. ओटीच्या पायरीशी येऊन थांबले.

“नाही, बुवा,” ते हळूच म्हणाले. “सकाळपासून काही खाल्लेलं नाही.”

“मग बसा की.”

दुसरे पान मांडले गेले. बुवा अगदी चवीने जेवले. ताक दोनदा मागून घेतले. प्रश्नाविषयी अवाक्षर काढले नाही.

हात धुऊन सर थेट निघाले. किल्ली पारावरच राहिली.

कावेरीचे घर नदीच्या उताराला होते. ती अंगणात सांडगे वाळत घालत होती. सरांना पाहताच तिने पदराला हात पुसले.

“कावेरी, त्या दिवशी तू मला काय विचारलं होतंस?”

“ते चुकलं होतं, सर.”

“चुकलेलंच सांग.”

ती खाली पाहू लागली.

“मी म्हटलं… ‘सर, आय विल पास?’”

सरांचा हात सवयीने वर गेला. बोटात खडू नव्हता. तो हात त्यांनी आपल्या छातीवर ठेवला.

“मग तुम्ही ते नीट करून घेतलंत,” कावेरी म्हणाली. “म्हणालात, शाब्बास, बस खाली. त्यापुढे काहीच बोलला नाहीत. मला वाटलं… नाही म्हणवत नसेल सरांना. मोठ्या मनाचे आहेत.”

ओसरीवरून तिची आई म्हणाली, “तेव्हापासून पुस्तकाला शिवली नाही हो.”

नदीवर कोणीतरी धुणे आपटत होते.

“यस,” सर म्हणाले.

“काय, सर?”

“तुझ्या प्रश्नाचं उत्तर. यस. तुझी तयारी पक्की आहे. तू होशील पास.”

कावेरीने मान वर केली. डोळे भरले होते, पण त्यात हसू होते.

“मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?”

“चुकलं माझं.”

सरांच्या तोंडी हे शब्द तिने प्रथमच ऐकले. तिने सांडग्यांची परात उगाच उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

“आज वर्ग आहे का, सर?”

“आहे.”

त्या संध्याकाळी मंडपात असा कलकलाट झाला, की गाभाऱ्यात समई लावणाऱ्या बुवांना तो स्पष्ट ऐकू येत होता. मुली वेडेवाकडे विचारीत होत्या आणि सर उत्तरे देत होते. लंडनला पाऊस कसा असतो, विमानात झोप लागते का, सरांना लहानपणी छडी मिळाली होती का… फळ्यावर एक अक्षरही उमटले नाही. शेवटी मागल्या रांगेतल्या शेवंताने धीर करून विचारले, “सर, यू अफ्रेड युवर वाइफ?”

साऱ्या माना शेवंताकडे वळल्या.

“यस,” सर म्हणाले.

त्या हास्यात आरतीची पहिली घंटा कोणालाच ऐकू आली नाही.

आरती झाली. मुली प्रसाद घेऊन पांगल्या. कावेरी सर्वांत शेवटी गेली. जाताना तिने देवापुढे डोके टेकले, आणि मग सरांपुढे.

सरांनी मंडपाला कुलूप लावले. किल्ली घेऊन ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले. बुवा पळी घेऊन उभेच होते.

सरांनी त्यांच्या पायांवर मस्तक ठेवले.

“किल्ली टांगून ठेवू का?” बुवांनी विचारले.

“नको. असू द्या माझ्याजवळ. उद्या वर्ग आहे.”

“बरं.”

सर क्षणभर घुटमळले. सवय एका दिवसात कशी जावी?

“बुवा, दुपारचा तो प्रश्न आपल्याला पाठ आहे ना? शेवटी अगदी निर्दोष जमला होता.”

बुवांनी कपाळाला आठी घातली. छताकडे पाहिले. जपमाळेवरून अंगठा फिरवला. मग लहान मुलासारखे हसून त्यांनी पळी पुढे केली आणि म्हटले,

“यू ईट?”